आईच्या नावाची ओळ

मांगेरे, ऑकलंड
११ मार्च २०२४

वन्सं,

बाळ आल्याचं काल चर्चच्या आवारात कळलं. पाच आठवडे आधी! माझं विमानाचं तिकीट एप्रिलचं, पाळणा अजून खोक्यात, आणि पोरगी येऊनही बसली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम आणि आवाज सगळ्या वॉर्डाला जागं करणारा, असं काटालिना फोनवर म्हणाली. म्हणजे आत्यावर गेली आहे. रागावू नका.

सेमिसी तुम्हाला स्वतः लिहू शकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बहिणीशी गर्भाचं, बाळंतपणाचं बोलायचं नाही, ती आली की खोलीतून उठून जायचं, या वळणात तो वाढला. आणि तुम्ही फोनला हात लावत नाही. त्यामुळे त्याच्या मुलीविषयी त्याच्या बहिणीला सगळं मीच लिहिणार.

वकीलबाई रीपेका यांनी पुढच्या पायऱ्या समजावून सांगितल्या. आधी तिथली जन्मनोंदणी आणि इस्पितळाचा कागद. सुवा शहरातल्या दवाखान्याचं पत्र माझ्याकडे आहे: बीज माझं आणि सेमिसीचं, गर्भ काटालिनाच्या पोटात ठेवला, तिने यासाठी काही घेतलेलं नाही. डीएनएसाठी बाळाच्या गालाच्या आतून कापसाने पुसून घेतात, दुखत नाही. जन्माला दहा दिवस झाल्याशिवाय काटालिनाची सही घेता येत नाही. त्यानंतर तिने स्वतंत्र वकिलाकडे जाऊन संमतीपत्र करायचं. इथे समाजसेविका येऊन आमचं घर बघणार. मग मंत्र्यांकडून बाळाच्या व्हिसाची खास परवानगी. पुढे इथल्या कोर्टात आणखी एक सोपस्कार असतो, तो बाळ आल्यावर बघू.

समाजसेविका तीन एप्रिलला येणार आहे. ती तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, म्हणून मी लगेच निघू शकत नाही. मी काम करते त्या वृद्धाश्रमातून रजाही एकदाच मिळणार. तोवर माझी मुलगी तुमच्या आणि काटालिनाच्या हाती आहे. माझ्या मावसबहिणीने दोन लेकरं पदरी असताना, नवरा नसताना, माझ्यासाठी हे केलं. तिला माझ्यातर्फे जवळ घ्या.

नोंदणीचं तेवढं तुम्हीच करा. कारकुनाला काय सांगायचं हे तुम्हाला मी काय शिकवणार?

तुमची,
मेलेआने


नेइआफू, वावाउ
२० मार्च

मेलेआने,

पत्र बोटीत भिजलं होतं. पण तुझं अक्षर मुळातच असं आहे की पाण्याने काही बिघडलं नाही.

नोंदणी झाली. कचेरीतला कारकून माझ्या रविवारच्या शाळेतला. दहाच्या दहा आज्ञा मी त्याच्याकडून पाठ करून घेतल्या आहेत, खोटी साक्ष देऊ नये ही धरून. त्याने विचारलं, 'आईचं नाव?' मी म्हटलं, मेलेआने. 'वडिलांचं?' सेमिसी. त्याने एकदा वर बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने लिहिलं. मूल ज्यांच्या घरी वाढायचं त्यांचं ते मूल. या बेटावरची अर्धी वही अशीच लिहिलेली आहे. आत्याने सांगायचं आणि कारकुनाने लिहायचं, याला कुणी कधी नाक मुरडलेलं नाही.

बाळाचं नाव 'लोसालीने' असं ठेवलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझ्या नावाहून चांगलं नाव मला तरी माहीत नाही.

गावाने दोन डुकरं भाजली. मी माझी चांगली चटई काढली, माझ्या आजीने विणलेली, आणि पोरीला तिच्यावर निजवलं. तिने तत्काळ ती ओली केली.  माझ्या नावाची आहे, तिला अधिकार आहे.

काटालिना बरी आहे. दूध भरपूर. जरा गप्प असते, पण बाळंतिणी असतातच. दाखला सोबत पाठवते आहे. आता ये आणि तुझी लेक घेऊन जा.

लोसालीने


मांगेरे
१६ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तुमचं चुकलं असं तुम्हाला लिहायचं म्हणजे आईने लावलेलं सगळं वळण गुंडाळून ठेवायचं. पण इलाज नाही.

व्हिसा अडला. इथल्या अधिकारी बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक इस्पितळाचा: नऊ मार्चला काटालिना बाळंत झाली. दुसरा तुमचा दाखला: आई मेलेआने. मग त्यांनी माझ्या वृद्धाश्रमातून हजेरी मागवली. नऊ मार्चला सकाळी सात ते दुपारी तीन मी कामावर, खाली माझी सही. बाईंनी चष्मा काढून विचारलं, 'एकाच सकाळी तुम्ही दोन देशांत कशा?' 

इथला कायदा असा आहे: बीज कुणाचंही असो, जिने जन्म दिला ती आई. मी माझ्याच मुलीला दत्तक घ्यायचं आहे. तो जो कोर्टातला सोपस्कार मी लिहिला होता, तो हा. एकोणतिसाव्या वर्षी माझं गर्भाशय काढलं, तेव्हा त्यासोबत कायद्याने माझं आईपणही काढलं, असं समजा.

आता गाठ अशी बसली आहे. काटालिनाने संमती द्यायची तर ती आधी आई असायला हवी. दाखल्यात ती नाहीच. मी दत्तक घ्यायची तर मी आधी आई नसायला हवी. दाखल्यात मी आहे. आणि खोटा दाखला जोडला म्हणून मूल पळवण्याचा प्रकार आहे का, याची चौकशी लागली आहे. डीएनए जुळलं तरी ती थांबत नाही.

सुटकेची वाट एकच. ज्याने कारकुनाला माहिती दिली त्यानेच तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचं की ती खरी नव्हती. मग आईच्या ओळीत काटालिनाचं नाव येईल, मग तिची संमती, मग बाकी सगळं. अधिकारी बाई इथून व्हिडिओच्या पडद्यावरून ऐकणार. आणि बाळाचा बाप म्हणून सेमिसीलाही त्याच वेळी पडद्यावर बसावं लागणार.

कसं लिहिलं माझं मला माहीत. मी तुमच्या पाया पडते.

मेलेआने


नेइआफू
२४ एप्रिल

मेलेआने,

मी आयुष्यात एकदाच चुकले. १९८८ साली, एका डुकरिणीच्या वयाबद्दल. आणि ती विकणारा माणूस लबाड होता.

तुझ्या त्या चष्मेवाल्या बाईला माझा निरोप सांग. तुमच्या देशाच्या वह्या सुरू झाल्या त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही मुलं देतो आणि घेतो. ज्याला नाही त्याला द्यायचं, ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने द्यायचं. यात पळवापळवी कुणी केली? आत्या जे बोलली ते खोटं, आणि हजेरीच्या कागदावरची सही खरी? मग त्या सहीलाच म्हणावं, पोरीचे लंगोट धू.

आणि भावासमोर बसून मी काय सांगू? बीज कुठून आलं, गर्भ कसा ठेवला? मी अंगणात पाऊल टाकलं की तो मागच्या दाराने जायचा, पाच वर्षांचा होता तेव्हापासून. कधी आम्ही एका चटईवर जेवलो नाही. त्याने माझा अवमान होईल असा एक शब्द आजवर कानांवर येऊ दिलेला नाही. आता म्हातारपणी तुझ्या सरकारसाठी मी त्याला लाजेने मारू?

मी मॅजिस्ट्रेटकडे जाणार नाही. शपथ घेणार नाही. त्यांना पोरगी आत येऊ द्यायची नसेल तर नसू दे. ती इथे वाढेल, माझ्या घरी. अळकुड्या आहेत, मासे आहेत, शाळा आहे. तुम्ही दोघं नाताळात या आणि बघून जा.

लोसालीने


मांगेरे
६ मे

वन्सं,

बारा वर्षांत मी तुमच्यासमोर मान वर केली नाही. लग्नात तुम्ही माझ्या आईने आणलेल्या अहेराच्या चटया, ढीग उंचीला कमी पडला म्हणून, परत मोजायला लावल्यात, तेव्हाही नाही. आज करते.

माझी मुलगी नाताळात बघून यायची वस्तू नाही. ती माझ्या घरी वाढेल. मी कोर्टात जाईन, मंत्र्यांच्या दारात बसेन, आणि वेळ आली तर तुमच्याही दारात येऊन बसेन. गावाला बघू दे.

समाजसेविका येऊन गेली. फ्रीज उघडला, जिना मोजला, आग लागली तर कुठून बाहेर पडाल ते विचारलं. मग म्हणाली, 'मुलीला तिच्या जन्माबद्दल काय सांगाल?' मी म्हटलं, तिला दोघींनी मिळून आणलं, हेच सांगीन. तिने लिहून घेतलं. 'आणि काटालिनाचं मन बदललं तर?' मी म्हटलं, बदलणार नाही. पण त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण काटालिना माझा फोन घेत नाही. तीन आठवडे झाले. तिच्या मोठ्या मुलीने एकदा घेतला, म्हणाली, 'आई बाळाला पाजते आहे आणि रडते आहे.' आणि ठेवून दिला. वन्सं, मला खरं सांगा. तिला बाळ ठेवून घ्यायचं आहे का? म्हणून तुम्ही 'ती इथे वाढेल' असं लिहिता का? तसं असेल तर मी तिच्याशीही लढेन. लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपलो, तरीही लढेन. मला यापुढे कुणाचीच भीती वाटत नाही.

मेलेआने


नेइआफू
१५ मे

मेलेआने,

पत्र वाचून आधी मी तुझ्या आईवडिलांचा उद्धार केला. मग ते परत वाचलं. मान वर केलेली मला आवडली. चटयांचं मात्र विसर, त्या खरंच कमी होत्या.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. ती सांगते.

एप्रिलच्या मध्यावर काटालिना बाळाला टोचून आणायला निघाली. नर्सला दाखला लागतो म्हणून मी माझ्याकडची प्रत तिला दिली. तिने ओसरीवर उभ्या उभ्या वाचली, आणि मला विचारलं, 'यात मी कुठे आहे?' मी हसले. म्हटलं, तुझं काय काम? तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि चटई विणायला बसली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाजायला यायची, पाजून जायची. तुझा फोन वाजला की उठून अंगणात जायची.

पाचव्या दिवशी म्हणाली, 'मेलेआनेची मुलगी मेलेआनेकडेच जाईल. मी ती तिच्यासाठीच आणली. पण नऊ महिने ती कुठे होती, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे. मी काय बोट आहे, उतरवलं आणि झालं?'

तेव्हा मला तिचा राग आला. तुला ते पत्र लिहिलं ते त्याच रागात.

आता दुसरं. हे तुझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही; तो तेव्हा जन्मलाही नव्हता. मी सतरा वर्षांची असताना मला मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. माझ्या आत्याच्या सुनेला मूल नव्हतं, हाआपाई बेटांवर, पांगाई गावात. आत्या बोटीने आली, बाळाला बघितलं, आणि पांगाईच्या कचेरीत तिने आईचं नाव सुनेचं सांगितलं. मी नाही म्हटलं नाही. आत्याला नाही म्हणायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. पोरगी सोळा दिवसांची होती.

तिचं नाव विका. तिला त्यांनी चांगली वाढवली, मी वाईट बोलणार नाही. ती मला 'लोसालीने मावशी' म्हणते. दर नाताळाला खारवलेल्या मांसाचा डबा पाठवते, आणि मी दर वेळी तिला लिहिते की मीठ जास्त झालं. दुसरं काय लिहायचं हे मला सत्तेचाळीस वर्षांत सुचलेलं नाही.

आणि त्या कारकुनासमोर मी काय केलं? माझ्या आत्याने माझ्यासोबत केलं, अगदी तेच. तिच्यासारखी मान ताठ ठेवून केलं. काटालिनाने 'मी कुठे आहे' विचारलं तेव्हा मी हसले. माझी आत्यासुद्धा हसली असती, पण मी तिला विचारलंच नव्हतं. या पोरीने विचारलं.

मॅजिस्ट्रेटची तारीख काय आहे ते कळव. मी जाणार आहे. तुझ्या सरकारसाठी नाही, तुझ्या चष्मेवाल्या बाईसाठी तर मुळीच नाही.

लोसालीने


मांगेरे
२७ मे

वन्सं,

तारीख अठरा जून, सकाळी दहा, तुमच्याकडचे.

तुमचं पत्र मी सेमिसीला दाखवलेलं नाही. माझ्या कपाटात आहे. पण ते वाचल्यावर माझीही एक गोष्ट लपवून ठेवता येईना.

तुमचा दाखला आला तेव्हा त्यात काय चूक आहे हे मला माहीत होतं. वकीलबाईंनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, आईच्या ओळीत काटालिना हवी. मी तुम्हाला लिहिलं नाही. तुमच्या भीतीने, असं मी स्वतःला सांगत होते. खरं ते नाही. मनातून वाटत होतं की तुम्ही माझंच नाव सांगाल. सांगावं. आणि दाखला आला, त्यात आई म्हणून माझं नाव, तेव्हा मी तो किती वेळा वाचला असेल! कामावर नेला, तिथल्या आजीआजोबांना दाखवला. मग वकीलबाईंना न विचारता मीच तो अर्जाला जोडला. अधिकारी बाईंनी माझ्यावर संशय घेतला, तो काही उगाच नव्हता.

हे सगळं मी काल शपथपत्रात लिहून दिलं. रीपेका म्हणाल्या, 'यामुळे अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो, विचार करा.' मी म्हटलं, केला. एका बाईचं नाव खाऊन मी आई झाले तर मुलगी मोठी झाल्यावर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. फेटाळलं तर वरच्या कोर्टात जाईन. पण आता खरं बोलून जाईन.

काटालिनाला मी आज पत्र लिहिलं आहे, वेगळं. तिला वाचायला द्या. तुम्ही आधी उघडू नका. मी तुम्हाला ओळखते.

मेलेआने


नेइआफू
२१ जून

मेलेआने,

पत्र उघडलं नाही. उजेडासमोर धरून बघितलं, काही दिसलं नाही.

तुझ्या नवऱ्याने तिकडची हकीकत सांगितली असेल. इकडची ऐक.

मी काळे कपडे घातले, कमरेला मोठी चटई बांधली, चर्चला बांधतो ती नव्हे, अंत्यविधीला बांधतो ती. कोर्टात टेबलावर पडदा ठेवलेला. तो माझ्याकडे वळवला होता. मी सोबत आणलेली दुसरी चटई त्याच्यावर टाकली. तुझी चष्मेवाली बाई आतून म्हणाली, 'मॅडम, तुमचे भाऊ दिसायला हवेत.' मी म्हटलं, 'तुम्हाला दिसू देत. मला त्यांचं तोंड बघायचं नाही आणि त्यांनी माझं बघायचं नाही, आणि हे तुमच्या कायद्यात बसत नसेल तर कायद्याला जरा सरकून बसायला सांगा.' मॅजिस्ट्रेट आमच्याच बेटावरचा. तो वहीत बघत राहिला. चटई राहिली.

मग त्याने विचारलं, 'तुम्ही दिलेली माहिती खरी होती का?'

'नाही.'

'मुलीला जन्म कुणी दिला?'

'काटालिनाने. मी तिथे होते. तिचा हात माझ्या हातात होता, माझं हे बोट अजून दुखतं.'

'मग तुम्ही असं का सांगितलंत?'

मी म्हटलं, 'कारण आत्याने सांगितलं की लिहून घेतात. मला कुणी विचारायला हवं होतं, कुणी विचारलं नाही. तुमच्या कारकुनाने विचारायला हवं होतं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.' कारकून कोपऱ्यात उभा होता. त्याचे कान लाल झाले.

मॅजिस्ट्रेट म्हणाला, 'आपण माफी मागता का?'

'तुमची नाही. काटालिनाची मागायची होती, ती घरी मागून आले.'

त्याने पेन खाली ठेवलं, परत उचललं, आणि लिहिलं. आईच्या नावाच्या ओळीत आता काटालिना आहे. मी बोट ठेवून अक्षरं तपासली.

मग संमतीपत्र. काटालिनाच्या वकिलाने तिला एकेक वाक्य समजावून दिलं, ती मान हलवत गेली. एका ठिकाणी छापलं होतं, 'मुलावरील सर्व हक्क व संबंध सोडते.' ती म्हणाली, 'हक्क सोडते. संबंध कशी सोडू? तो माझ्या हातात नाही.' वकील म्हणाला, मजकूर छापील आहे, बदलता येत नाही. मी म्हटलं, 'बदलू नका. खाली जागा आहे, तिथे हाताने लिहा.' थोडा वाद झाला. थोडा म्हणजे तास-दीड तास. तुझ्या रीपेकाने पडद्यातून सांगितलं की जोडपत्र लावता येतं. मग लावलं: काटालिना ही या मुलीला जन्म देणारी आणि तिच्या आईची बहीण आहे, व मुलीला हे सांगितलं जाईल. खाली सगळ्यांच्या सह्या, तुझ्या नवऱ्याचीही येईल. मग काटालिनाने सही केली. रडली नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, 'भूक लागली.' आम्ही दोघींनी बाजारात बसून नारळाच्या दुधातलं अळू खाल्लं.

त्यातच आणखी एक करून घेतलं. वही उघडलीच होती, तर बाळाचं नावही दुरुस्त केलं. 'लोसालीने' नको. तिचं नाव काटालिना. आत्याचा मान आहे, मी वापरला.

आता तुझी ती रजा काढ आणि ये.

लोसालीने


मांगेरे
२८ नोव्हेंबर

वन्सं,

काल कुटुंब न्यायालयात दत्तकाचा आदेश झाला.

सप्टेंबरात, चौकशी मिटून व्हिसा मिळाल्यावर, मी तिला घेऊन निघाले तेव्हा तुम्ही धक्क्यावर आला नाहीत. उन्हाचा त्रास होतो म्हणालात. उन्हात तुम्ही दिवसभर चटयांसाठी केवड्याची पानं वाळवत बसता, तेव्हा होत नाही. असो.

काल न्यायाधीश बाईंनी सगळी फाइल चाळली. तुमचं शपथपत्र, माझं, इस्पितळाचा कागद, डीएनए, समाजसेविकेचा अहवाल. जोडपत्रापाशी थांबल्या. म्हणाल्या, 'असं मी कधी पाहिलेलं नाही.'  त्यांनी विचारलं, 'हे तुम्ही स्वतःहून मान्य केलंत, की कुणी करायला लावलं?' मी म्हटलं, 'माझ्या नणंदेने करायला लावलं आणि मी स्वतःहून मान्य केलं.' त्या हसल्या. आणि आदेशावर सही केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला 'मुलीची आई' म्हणालं आणि मला कुणाशी भांडावंसं वाटलं नाही.

वन्सं, एक सांगायचं राहिलं होतं. तुम्ही पडद्यावर चटई टाकलीत, ते सेमिसीला दिसायची सोयच नव्हती. सुरू होण्याआधीच त्याने खुर्ची फिरवली होती. सगळा वेळ तो पडद्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसला. अधिकारी बाईंनी दोनदा सांगितलं, वळला नाही. आवाज ऐकला फक्त. सगळं झाल्यावर मला म्हणाला, 'माझ्या बहिणीने माझ्यासाठी किती खाली वाकून दाखवलं.' मी म्हटलं, वाकली? तू काही ऐकलंस का?

तुमचं ते पत्र अजून माझ्या कपाटातच आहे. ते कुणाला दाखवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

छोटी काटालिना रांगते. तुमच्यासारखीच, समोर काय आहे ते न बघता.

मेलेआने


नेइआफू
९ डिसेंबर

मेलेआने,

पत्र त्याला दाखव. त्याच्या हातात दे आणि तू खोलीतून जा.

मी विकाला लिहिलं. या वेळी मिठाबद्दल नाही. तिला वाढवणारी बाई दोन वर्षांपूर्वी वारली, म्हणून इतके दिवस थांबले असं म्हणायला हरकत नाही, पण ते खोटं आहे आणि शपथ घेऊन खरं बोलायची मला आता सवय लागली आहे. सगळं लिहिलं. सोळा दिवस, बोट, आत्या, कचेरी. तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, असं लिहिलं, आणि तुझ्या दारात येऊ का, असं विचारलं.

तीन आठवडे उत्तर नाही. मी चटई विणत बसले, काटालिना शेजारी बसली.  काल पत्र आलं. एकच ओळ आहे: 'बोट किती वाजता लागते?'

गुरुवारची बोट आहे. काटालिना सोबत येते म्हणाली, मी हो म्हटलं. पांगाईच्या कचेरीत जाणार आहे. त्या सुनेचं नाव खोडायचं नाही, तिने मुलीला वाढवलं आहे. तिच्या शेजारी माझं लिहायचं. एका ओळीत दोन नावं मावत नाहीत असं कारकून म्हणाला, तर ओळ लांब कर म्हणेन.

तुझ्या वकीलबाईला विचार, सत्तेचाळीस वर्षांनी दुरुस्ती होते का. नाही म्हणाली तर मला कळवू नकोस.

लोसालीने